कड्या तपासण्याआधी : खून, परिस्थितीजन्य पुरावा आणि जामीन

जून १९८२. पुण्यातल्या एका घरात चारच महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली तरुणी ११ आणि १२ तारखेच्या मधल्या रात्री मरण पावली. शवविच्छेदनात पोटॅशियम सायनाइड निघालं. विष तिने स्वतः घेतलं की तिला कुणी दिलं, हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस नव्हतं. होती ती तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं, नातेवाइकांच्या जबान्या, डॉक्टरांचा अहवाल आणि त्या रात्री नवरा तिच्याबरोबर होता हा सरकार पक्षाचा दावा. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता पुराव्याने पुसली जात नाही, हे त्यामागचं मुख्य कारण.

‘शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा तो निकाल. फौजदारी वकिली करणाऱ्याला तो तोंडपाठ असतो, कारण न्यायमूर्ती फझल अली यांनी त्यात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच तत्त्वं सांगितली आणि त्यांना ‘पंचशील’ म्हटलं. ज्या परिस्थितीवरून गुन्ह्याचा निष्कर्ष काढायचा ती परिस्थिती आधी स्वतः पक्की सिद्ध झालेली हवी. ‘असं असू शकेल’ पुरत नाही, ‘असंच आहे’ असं म्हणता आलं पाहिजे. ती फक्त आरोपीच्या दोषाशीच जुळणारी हवी, तिचा रोख निर्णायक हवा, निर्दोषपणाची दुसरी प्रत्येक शक्यता तिने बाद करायला हवी. आणि अखेरीस साखळी अशी पूर्ण हवी की हे कृत्य याच माणसाने केलं याखेरीज वाजवी निष्कर्षच उरू नये.

या निकालाबद्दल लिहिताना पाच तत्त्वांवर सगळे थांबतात. मला त्यातल्या तारखा तितक्याच महत्त्वाच्या वाटतात. घटनेपासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत, तिन्ही पायऱ्या धरून, पंचवीस महिने लागले. या आकड्याकडे पुन्हा यायचं आहे.

पंचशीलाची कसोटी लावायची ती खटल्याच्या शेवटी. साक्षीदारांची उलटतपासणी झाली, पंच बोलले, डॉक्टरांना प्रश्न विचारून झाले, की मग न्यायाधीश एकेक कडी हातात घेऊन ओढून पाहतो. जामिनाचा अर्ज मात्र सुरुवातीला येतो. तेव्हा न्यायाधीशासमोर फक्त कागद असतात: आरोपपत्र, जबान्या, पंचनामे, आणि सरकारी वकिलाने दाखल केलेला ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं. एकाही साक्षीदाराने शपथेवर तोंड उघडलेलं नसतं. सगळी अडचण इथेच आहे. पुरावा साखळीच्या रूपातला, साखळीची ताकद शेवटी कळणार, आणि माणसाला आत ठेवायचं की बाहेर हे आज ठरवायचं.

कायद्याची चौकट थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून खुनाच्या शिक्षेचं कलम ३०२ जाऊन भारतीय न्याय संहितेचं १०३ आलं. जामिनाची जुनी ४३७ आणि ४३९ ही कलमं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ४८० आणि ४८३ झाली. आशय फारसा बदलला नाही. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात आरोपी दोषी असल्याचं मानायला वाजवी कारण दिसत असेल तर दंडाधिकाऱ्याने त्याला सोडू नये असं कायदा म्हणतो. स्त्री, मूल, आजारी किंवा अशक्त व्यक्ती यांच्यासाठी अपवाद करता येतो. त्यामुळे खुनातला जामीन व्यवहारात सत्र न्यायालयात मागितला जातो, तिथे नाही मिळाला तर उच्च न्यायालयात.

एक जामीन मात्र पुराव्याकडे न पाहता मिळतो. खुनाच्या तपासात अटकेतल्या आरोपीची पहिली कोठडी मंजूर झाल्यापासून नव्वद दिवसांत पोलिसांनी आरोपपत्र दाखल केलं नाही, आणि आरोपीने मागणी केली, तर तो त्याचा हक्क बनतो. मागण्याआधी आरोपपत्र येऊन पडलं तर हक्क संपला. म्हणून परिस्थितीजन्य खटल्यांत मुदतीच्या तोंडाशी दाखल झालेल्या आरोपपत्रात काही कागद यायचे राहिलेले असतात. रक्ताच्या डागांचा, व्हिसेराचा अहवाल, ज्याला आपल्याकडे कोर्टात सगळे ‘सीए रिपोर्ट’ म्हणतात, तो प्रयोगशाळेतून यायचा असतो. साखळी अशी एखाद्या कडीची जागा मोकळी ठेवूनच कोर्टात येते.

आता या कड्याच जवळून पाहू. जामिनाच्या सुनावणीत खरी झटापट त्यांच्यावर होते.

पहिली कडी बहुतेकदा ‘शेवटचं एकत्र दिसणं’ ही असते. मृत व्यक्ती आणि आरोपी यांना कुणीतरी बरोबर जाताना पाहिलेलं असतं: टपरीवाला, शेजारीण, रिक्षाचालक. ही कडी घड्याळावर तोललेली आहे. दोघं बरोबर दिसले ती वेळ आणि मृतदेह सापडला ती वेळ यांच्यातलं अंतर इतकं कमी हवं की मधे तिसरं कुणी येण्याची शक्यता उरू नये; ‘उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध सतीश’ या २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. तासाभराचं अंतर आणि चार दिवसांचं अंतर यांत जमीनअस्मानाचा फरक पडतो. हा फरक उलटतपासणीवाचूनही कागदावर दिसतो, म्हणून जामिनाच्या टप्प्यावर तो मांडता येतो. साक्षीदाराची जबानी पोलिसांनी कधी घेतली हेही तिथेच दिसतं. घटनेच्या दुसऱ्या दिवशी बोललेला माणूस आणि दोन महिन्यांनी अचानक आठवलेला माणूस यांचं वजन सारखं धरता येत नाही.

दुसरी कडी जप्तीची. ‘मी लपवलेला कोयता काढून देतो’ असं आरोपी म्हणाला, दोन पंचांसमोर त्याचा मेमोरंडम पंचनामा झाला, मग सगळे गाडीत बसून गेले आणि झुडपातून हत्यार निघालं. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण त्या बोलण्यातून प्रत्यक्ष एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम २७ हेच सांगत असे, आता ते भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्याची मर्यादा प्रिव्ही कौन्सिलने स्वातंत्र्यापूर्वीच पुलुकुरी कोटय्याच्या खटल्यात आखून दिली: वस्तू कुठे आहे हे आरोपीला माहीत होतं, एवढंच त्यातून सिद्ध होतं. ‘याच कोयत्याने मी मारलं’ हे पुढचे शब्द गाळायचे. वर्तमानपत्रात ‘आरोपीने हत्यार काढून दिले’ अशी बातमी वाचली की आपल्या मनात खटला संपलेला असतो. कोर्टात त्यानंतर प्रश्न सुरू होतात. ती जागा कुणालाही जाता येईल अशी उघडी होती का? हत्यारावरचं रक्त माणसाचं का, आणि त्याच माणसाचं का? रक्तगट जुळणं आणि डीएनए जुळणं यांत किती अंतर आहे? ‘ओ’ गटाची माणसं गावात शेकड्यांनी असतात.

तिसरी कडी गेल्या वीस-पंचवीस वर्षांतली, मोबाइलची. कॉल तपशिलावरून फोन कोणत्या टॉवरच्या कक्षेत होता हे कळतं. लोकांना वाटतं की आरोपी तिथे उभा होता हे सिद्ध झालं. टॉवरची कक्षा शहरात काहीशे मीटरची असली तरी खेड्यात काही किलोमीटरची असू शकते, आणि फोन तिथे होता म्हणजे त्याचा मालक तिथे होता असंही होत नाही. आरोपी त्याच मोहल्ल्यात राहत असेल तर टॉवरने काहीच सांगितलेलं नसतं. याउलट, ‘मी त्या रात्री नाशकात होतो’ म्हणणाऱ्याचा फोन रात्रभर पनवेलला दिसत असेल तर त्याला उत्तर द्यावं लागेल. अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींना ठरावीक प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते अनिवार्य आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या खोतकर-गोरंट्याल वादात ठरवून दिलं. पण ते खटला चालू असतानाही आणता येतं. म्हणून ‘प्रमाणपत्र नाही, जामीन द्या’ हा युक्तिवाद एकट्याने फारसा टिकत नाही.

हेतू ही कडी सगळ्यांत जास्त बोलली जाते आणि सगळ्यांत कमी पेलते. जमिनीचा वाद, उसनवारी, संशय. बांधावरून भांडण नसलेली भाऊबंदकी शोधावी लागेल. पण भांडणाऱ्यांपैकी जवळपास कुणीच खून करत नाही. हेतू इतर कड्यांना बळ देतो. त्याच्या जोरावर इतर कड्यांची उणीव भरून निघत नाही.

इतकं वाचून कुणाचा समज होईल की प्रत्यक्षदर्शी नाही म्हणजे खटला लेचापेचा आणि जामीन ठरलेला. हा समज खोडला पाहिजे. ‘त्रिमुख मारोती किरकन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा २००६ चा निकाल पाहा. पत्नी घरात मरण पावली. साप चावला असं सांगण्यात आलं. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. चार भिंतींआड घडलेल्या गुन्ह्याला साक्षीदार कुठून येणार? सर्वोच्च न्यायालय म्हणालं की अशा वेळी घरात असणाऱ्यांनी काय घडलं याचा खुलासा द्यायला हवा, आणि तो खोटा निघाला तर ती साखळीतली आणखी एक कडी ठरते. शिक्षा कायम झाली. डॉक्टरांचा अहवाल लाच घेत नाही, घाबरत नाही, कोर्टात फितूरही होत नाही. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार या तिन्ही गोष्टी करू शकतो. परिस्थितीजन्य पुरावा दुय्यम नसतो. तो पूर्ण असतो किंवा अपूर्ण असतो, आणि प्रश्न एवढाच असतो की ते केव्हा कळतं.

इथेही सारडा निकालाचा एक धडा ध्यानात ठेवायला हवा: आरोपीचा खोटा खुलासा पूर्ण साखळीला जोड देऊ शकतो, तुटलेली साखळी सांधू शकत नाही. सरकार पक्षाने आपली साखळी आपल्या पायावर उभी करायची, आरोपीच्या खोटेपणावर नाही.

मग जामीन देताना न्यायाधीशाने या कड्यांत किती खोल जायचं? महाराष्ट्रातूनच गेलेल्या ‘निरंजन सिंग विरुद्ध प्रभाकर राजाराम खरोटे’ या १९८० च्या निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी बजावलं की जामिनाच्या आदेशात पुराव्याची सविस्तर चिरफाड टाळावी. खटला अजून चालायचा आहे. कुठल्याही पक्षाला आपला निकाल आधीच लागला असं वाटता कामा नये. पण कारणच न देता ‘प्रकरणाचा विचार करता जामीन मंजूर’ एवढं लिहूनही चालत नाही. खुनासारख्या गुन्ह्यात असे आदेश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले आहेत. म्हणजे चिरफाड करायची नाही आणि कारण द्यायचंच. कसरत आहे ही, आणि नीट पार पाडलेली मी वाचतो तेव्हा मला त्या न्यायाधीशाबद्दल आदर वाटतो. चांगला आदेश दोन-तीन परिच्छेदांत सांगतो की प्रथमदर्शनी कुठली कडी दिसते, कुठली दिसत नाही, आरोपी पळून जाण्याची किंवा साक्षीदारांवर दबाव आणण्याची शक्यता किती, आणि शेवटी नोंदवतो की ही मतं जामिनापुरती आहेत, खटल्यावर त्यांचा परिणाम होऊ नये.

ते शेवटचं वाक्य वकिलांना सवयीचं झालं आहे. बातम्यांत ते जवळपास कधीच येत नाही. येतं ते ‘खून प्रकरणातील आरोपी सुटला’. मराठीत आपण ‘जामिनावर सुटला’ म्हणतो आणि ‘निर्दोष सुटला’ही म्हणतो, दोन्हीकडे क्रियापद एकच. गावात परत आलेल्या माणसाकडे आणि मृताच्या घराकडे लोक ज्या नजरेने पाहतात, त्यात या एका शब्दाचा वाटा असतो.

आता त्या पंचवीस महिन्यांकडे. त्यांच्या शेजारी दुसरा एक खटला ठेवून पाहू. शीना बोरा २४ एप्रिल २०१२ पासून बेपत्ता होती. महिनाभरानंतर रायगड जिल्ह्यात पेणजवळ अवशेष सापडले. तिच्या खुनाच्या आरोपावरून तिची आई इंद्राणी मुखर्जी यांना ऑगस्ट २०१५ मध्ये अटक झाली. तपास मुंबई पोलिसांकडून सीबीआयकडे गेला. एक सहआरोपी माफीचा साक्षीदार झाला. मुखर्जी यांनी आरोप नाकारले आहेत. त्यांचे जामीन अर्ज पुन्हा पुन्हा फेटाळले गेले. सहआरोपी पीटर मुखर्जी यांना फेब्रुवारी २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला. इंद्राणी यांचं प्रकरण १८ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात आलं, तेव्हा त्यांना भायखळ्याच्या तुरुंगात साडेसहा वर्षं झाली होती. सरकार पक्षाला २३७ साक्षीदार तपासायचे होते; तपासून झाले होते ६८. उरलेल्यांपैकी निम्मे जरी सोडून दिले तरी खटला लवकर संपणार नाही असं न्यायमूर्ती नागेश्वर राव, गवई आणि बोपण्णा यांच्या पीठाने म्हटलं. खटला परिस्थितीजन्य पुराव्यावर आधारलेला आहे याची नोंद घेतली, गुणदोषांवर आपण काही बोलत नाही हे सांगितलं आणि जामीन दिला.

पुण्याच्या त्या खटल्यात एका माणसाला फाशी होऊन, ती कायम होऊन, तो निर्दोष सुटेपर्यंत जितका काळ गेला, त्याच्या तिप्पट काळ इथे खटल्याच्या पहिल्याच पायरीवर गेला होता. परिस्थितीजन्य खटला मुळात लांबतो. एका प्रत्यक्षदर्शीच्या जागी दहा छोट्या गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, आणि प्रत्येकीला दोन पंच, एक तज्ज्ञ, एक फोन कंपनीचा अधिकारी, एक पोलिस. साखळी जितकी लांब, तितकी साक्षीदारांची यादी लांब, तितका आरोपी जास्त काळ आत. ज्या पुराव्याबद्दल सगळ्यांत जास्त सावध राहायचं, त्याच्याच तपासणीत माणसाची सगळ्यांत जास्त वर्षं जातात.

इतर गुन्ह्यांत यावर कायद्याचा एक हिशेब आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ (आधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्याला एक तृतीयांश) कच्चा कैदी म्हणून काढला तर सुटका, असं नव्या संहितेचं कलम ४७९ म्हणतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ते लागू नाही. खुनाच्या आरोपीसाठी कुठलंच गणित नाही. राज्यघटनेचं कलम २१ आणि न्यायाधीशाची सदसद्विवेकबुद्धी एवढंच. जुलै २०२४ मध्ये ‘जावेद शेख विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या बनावट नोटांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की लवकर खटला चालवण्याची सोय सरकारकडे नसेल तर त्याने निव्वळ गुन्हा गंभीर आहे म्हणून जामिनाला विरोध करू नये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात सांगितलं की खून, बलात्कार, दरोडा अशा गुन्ह्यांत साक्षी सुरू झाल्यावर जामीन देताना हात आखडता घ्यावा. खटला अकारण लांबला आणि त्यात आरोपीचा दोष नसला तर गोष्ट वेगळी. ही वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतात. मला ती एकाच भीतीच्या दोन बाजू वाटतात.

पहिली बाजू आत राहिलेल्या आरोपीची, दुसरी मृताच्या घरची. शेवटचं एकत्र पाहिलेली शेजारीण आरोपीच्या दारासमोरच राहत असते. आरोपपत्र दाखल झाल्यावर डीएनए अहवाल बदलणार नाही, टॉवरच्या नोंदी बदलणार नाहीत. पण ती बाई बदलू शकते. सगळी साखळी बहुधा अशा एका-दोन माणसांवर लटकलेली असते. म्हणून आरोपीला तालुक्यात किंवा जिल्ह्यात पाऊल न ठेवण्याची अट घातली जाते, ठरल्या दिवशी पोलिस ठाण्यात हजेरी लावली जाते, आणि अट मोडली तर जामीन रद्द होऊ शकतो. अशा साक्षीदाराची साक्ष यादीत सर्वांत आधी घेतली तर निम्मी भीती संपेल. आरोपीला आत ठेवायचं एक कारणही संपेल. हे करायला नवा कायदा लागत नाही. मृताच्या नातेवाइकांना जामिनाच्या सुनावणीत बोलू देणं हा उपकार नसून त्यांचा हक्क आहे, हेही सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये लखीमपूर खिरीच्या प्रकरणात सांगितलं आणि त्यांना नीट न ऐकता दिलेला जामीन रद्द केला.

जामीन मंजूर झाला की माणूस त्याच संध्याकाळी घरी येतो असं आपल्याला वाटतं. पण जातमुचलक्याबरोबर कोर्ट बहुतेकदा जामीनदार मागतं. त्याचा सातबारा लागतो, ऐपतीचा दाखला लागतो, तो तहसीलमधून आणावा लागतो. १९७८ मध्ये मध्य प्रदेशातल्या मोतीराम नावाच्या गवंड्याला दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीनदार आणायला सांगितलं आणि त्याच्या भावाला नाकारलं, कारण भावाची मालमत्ता शेजारच्या जिल्ह्यात होती. सर्वोच्च न्यायालयाने ती अट मोडून काढली. तरी प्रश्न इतका उरला की जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाला पुन्हा निर्देश द्यावे लागले: जामीन होऊन सात दिवसांत कैदी बाहेर आला नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्टाने अट शिथिल करायचा स्वतःहून विचार करावा.

२०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांहून जास्त कैदी होते. त्यांतले ४ लाख ३४ हजारांहून जास्त कच्चे, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. जामीन हा शब्द मुळात माणसाचा होता: एखाद्यासाठी कुणीतरी जामीन राहायचं, ‘हा येईल, मी सांगतो’ असं चारचौघांत म्हणायचं. खुनाच्या आरोपीसाठी असं म्हणायला भाऊबंद कचरतात. मग आदेश हातात असूनही तो आतच राहतो, आणि त्याच्या साखळीतल्या पहिल्या साक्षीदाराला अजून समन्सही निघालेलं नसतं.